विश्लेषण : कोरेगाव पार्क ते रजनीशपुरम... प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या रजनीशांच्या नगरीत प्रश्न कसे बंद झाले?

मंचरहून निघालं की साधारण 60 किलोमीटरवर पुणे. येरवड्याकडून बंडगार्डनचा पूल ओलांडला की डाव्या हाताला कोरेगाव पार्क लागतं. जुन्नर-आंबेगावातली अनेक मुलं आज या भागात नोकरीला जातात. याच कोरेगाव पार्कातल्या 17 नंबरच्या बंगल्यात 1974 साली एक आश्रम सुरू झाला. सात वर्षांनी त्या आश्रमाचे प्रमुख अमेरिकेला गेले आणि त्यांच्या शिष्यांनी ओरेगॉन राज्यात तब्बल 64,229 एकरांवर नवं शहर वसवायला घेतलं. म्हणजे सुमारे 260 चौरस किलोमीटर. आपल्या आंबेगाव तालुक्याचा जवळपास चौथा हिस्सा.

तिथे भूक नसेल, मत्सर नसेल, धर्माची आणि जातीची भांडणं नसतील, असं स्वप्न होतं. चार वर्षांत त्याच शहरातून अमेरिकेच्या इतिहासातला पहिला मोठा जैविक हल्ला झाला. शहरातल्याच लोकांचे फोन चोरून ऐकले गेले. बाहेरून आणलेल्या बेघरांच्या बिअरमध्ये त्यांना न सांगता गुंगी आणणारं औषध मिसळलं गेलं.

हे शहर रजनीशपुरम आणि ते प्रमुख म्हणजे आचार्य रजनीश, पुढे भगवान श्री रजनीश आणि शेवटी ओशो. त्यांचं आयुष्य आणि या शहराची गोष्ट समजून घेऊ.

थोडक्यात

• जन्म : 11 डिसेंबर 1931, कुचवाडा (मध्य प्रदेश)
• पुण्यात आश्रम : 21 मार्च 1974
• अमेरिकेला प्रयाण : 1 जून 1981
• अटक : ऑक्टोबर 1985, शिक्षा आणि देश सोडण्याचा आदेश : नोव्हेंबर 1985
• मृत्यू : 19 जानेवारी 1990, पुणे

रजनीश मूळचे कोण?

मूळ नाव चंद्रमोहन जैन. रायसेन जिल्ह्यातल्या कुचवाडा या खेड्यात, आजोळी जन्म. वडिलांचा कापडाचा धंदा. सात वर्षांचे होईपर्यंत ते आजी-आजोबांकडे वाढले. आजोबा वारल्यावर गाडरवारा इथे आईवडिलांकडे आले.

लहानपणापासून वाद घालण्याची सवय. जबलपूरच्या एका कॉलेजमध्ये प्राध्यापकाशी इतकं वाजलं की दुसरं कॉलेज शोधावं लागलं. नव्या कॉलेजातही वर्गात सतत प्रश्न विचारून त्यांनी शिकवणं अवघड करून टाकलं, तेव्हा वर्गात बसला नाहीत तरी चालेल, परीक्षेपुरते या, अशी सवलत त्यांना मिळाली. अखिल भारतीय वक्तृत्व स्पर्धा त्यांनी जिंकली. 1955 मध्ये तत्त्वज्ञानात बी.ए. आणि 1957 मध्ये सागर विद्यापीठातून एम.ए. केलं.

21 मार्च 1953 रोजी, वयाच्या 21 व्या वर्षी, जबलपूरच्या भंवरताल बागेत आपल्याला आत्मज्ञान झालं, असं त्यांनी पुढे सांगितलं. ते रायपूरला आणि नंतर जबलपूर विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागले. नोकरी सांभाळून देशभर भाषणं सुरू होती.

ही भाषणं ऐकणाऱ्यांना झोंबायची. गांधीजी, समाजवाद, कर्मकांड, धर्मगुरू यांपैकी कुणालाही त्यांनी सोडलं नाही. 1966 मध्ये विद्यापीठाची नोकरी सुटली. 1968 मध्ये मुंबईत प्रेम आणि कामवासना या विषयावर त्यांनी व्याख्यानं दिली आणि मोठा गदारोळ झाला. 1969 मध्ये पाटण्याच्या हिंदू संमेलनात पुरीच्या शंकराचार्यांसमोरच त्यांनी पारंपरिक धर्मावर टीका केली.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. या काळातल्या रजनीशांचं आकर्षण हे होतं, की कुणाचंही म्हणणं तपासल्याशिवाय मान्य करू नका, असं ते सांगत होते.

आचार्यांचे भगवान कधी झाले?

1970 हे वर्ष वळणाचं. रजनीश मुंबईत राहायला आले आणि त्याच वर्षी त्यांनी डायनॅमिक मेडिटेशन नावाची पद्धत आणली. तासाभराच्या या प्रकाराचे पाच टप्पे आहेत. पहिली 10 मिनिटं जोरजोरात आणि अनियमित श्वास. पुढची 10 मिनिटं ओरडणं, रडणं, हसणं, मनात येईल ते. नंतर 10 मिनिटं हात वर करून उड्या मारत हू असा आवाज. मग 15 मिनिटं पुतळ्यासारखं स्तब्ध आणि शेवटची 15 मिनिटं नाच.

यामागे शरीरशास्त्र आहे. खूप वेगाने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. डोकं हलकं होतं, हातापायांना मुंग्या येतात. त्यानंतर मनसोक्त रडणं आणि एकदम शांतता. अनेकांना खरोखर मोकळं वाटायचं. हा अनुभव खोटा नव्हता. पण शरीराने दिलेल्या या अनुभवाचं श्रेय जायचं ते गुरूला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मनालीच्या शिबिरात त्यांनी संन्यास द्यायला सुरुवात केली. हा संन्यास घर सोडण्याचा नव्हता. अटी सोप्या होत्या : भगव्या छटेचे कपडे, गळ्यात 108 मण्यांची माळ, माळेत रजनीशांचा फोटो असलेलं लॉकेट आणि नवीन नाव. पुरुषांना स्वामी, स्त्रियांना मा. 1971 पासून ते स्वतःला भगवान श्री रजनीश म्हणवू लागले.

पुण्यातल्या आश्रमात काय चालायचं?

21 मार्च 1974 रोजी रजनीश पुण्यात आले. कोरेगाव पार्कातली सुमारे सहा एकर जागा घ्यायला एका श्रीमंत ग्रीक शिष्येचा पैसा उपयोगी पडला. रोज सकाळी सुमारे दीड तास प्रवचन. एक महिना हिंदीत, एक महिना इंग्रजीत. बुद्ध, महावीर, कबीर, गीता, झेन, सूफी, येशू असे विषय. ही प्रवचनं ध्वनिमुद्रित व्हायची आणि त्यांची पुस्तकं निघायची. त्यांचं वाचन अफाट होतं, विनोदही खणखणीत. टीकाकारही हे नाकारत नाहीत.

श्रोत्यांमध्ये युरोप-अमेरिकेतले तरुण वाढत गेले. व्हिएतनाम युद्धानंतर आपल्याच समाजावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. दरवर्षी हजारो परदेशी पुण्यात येऊ लागले. भगव्या कपड्यांतले गोरे लोक रिक्षात बसलेले दिसणं ही पुणेकरांना सवयीची गोष्ट झाली. हिंदी सिनेमाचे आघाडीचे नायक विनोद खन्नाही शिष्य झाले.

1975 पासून आश्रमात पाश्चात्त्य मानसोपचारातून आलेले थेरपी ग्रुप सुरू झाले. बंद खोलीत अनेक दिवस मनातला राग, भीती, लैंगिक कोंडमारा बाहेर काढायचा. काही ग्रुपमध्ये प्रत्यक्ष मारामारी व्हायची, हाडं मोडायची. अमेरिकेतल्या प्रसिद्ध एसालेन संस्थेचे सहसंस्थापक रिचर्ड प्राइस इथे येऊन गेले आणि या हिंसेवर त्यांनी टीका केली. 1979 च्या सुरुवातीला आश्रमाने मारामारी बंद केल्याचं जाहीर केलं.

छोटे नियमही होते. रजनीशांना दमा आणि अ‍ॅलर्जी असल्याने प्रवचनाला येणाऱ्या प्रत्येकाचे केस आणि अंग दारातच हुंगून पाहिलं जायचं. साबणाचा किंवा अत्तराचा वास आला तर प्रवेश नाही. चपलांबरोबर मनही बाहेरच ठेवून या, अशा अर्थाची पाटी तिथे होती. बहुतेकांना ती गमतीची वाटायची.

मग पुणे का सोडलं?

सहा एकर जागा अपुरी पडू लागली. स्वतःचं गाव वसवायचं, असं स्वप्न होतं. कच्छमध्ये जागा पाहिली गेली, सासवडला एक जुनी गढी घेऊन प्रयोग झाला. पण मोरारजी देसाई सरकारच्या काळात मोठ्या जागेला परवानगी मिळाली नाही. आश्रमाची करसवलत गेली, आश्रमात येणाऱ्या परदेशी लोकांना व्हिसा मिळणं अवघड झालं. मे 1980 मध्ये प्रवचन सुरू असताना एका तरुणाने रजनीशांच्या दिशेने चाकू फेकला. ते बचावले.

एप्रिल 1981 मध्ये रजनीशांनी सार्वजनिक मौन सुरू केलं. रोजचं प्रवचन बंद झालं. त्याच सुमारास त्यांच्या सचिव मा योग लक्ष्मी बाजूला पडल्या आणि ती जागा मा आनंद शीला यांनी घेतली. शीला मूळच्या बडोद्याच्या, शिक्षण अमेरिकेत. 1 जून 1981 रोजी उपचाराचं कारण देऊन रजनीश अमेरिकेला गेले. दोन आठवड्यांच्या आत ओरेगॉनमधलं बिग मडी रँच 57.5 लाख डॉलरला विकत घेतलं गेलं. ऑगस्टअखेर रजनीश तिथे राहायला गेले.

रजनीशपुरम कसं होतं?

जमीन उजाड होती. अति चराईने माती वाहून गेलेली. शिष्यांनी तिथे बांध घातले, तलाव बांधला, झाडं लावली, भाजीपाला पिकवला, सांडपाण्यावर प्रक्रिया केली. रस्ते, बससेवा, धावपट्टी, दुकानं, हॉटेल, वर्तमानपत्र, स्वतःचं पोलीस दल, सगळं उभं राहिलं. मे 1982 मध्ये रहिवाशांनी मतदान करून त्याला अधिकृत शहराचा दर्जा मिळवून दिला. कायम राहणारे काही हजार होते. उन्हाळी महोत्सवाला हीच संख्या 15 हजारांच्या घरात जायची.

हे लोक अडाणी किंवा भोळसट नव्हते. ओरेगॉन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांच्या पाहणीत बहुसंख्य रहिवासी पदवीधर आढळले. वकील, डॉक्टर, वास्तुरचनाकार, इंजिनीअर, प्राध्यापक. विनोद खन्नांनीही ऐन बहरातली कारकीर्द सोडली आणि तिथे बागकाम केलं.

रोज दुपारी रजनीश रोल्स-रॉइसमधून फेरी मारायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिष्य हात जोडून, गाणी म्हणत उभे राहायचे. शेवटी या गाड्यांची संख्या 93 झाली. गुरूचं बोलणं बंद होतं, दर्शन तेवढं उरलं होतं.

लोकांच्या मनावर ताबा कसा बसत गेला?

कुणालाही साखळदंडाने बांधलं नव्हतं. बळजबरीने आणलेला शिष्य सापडणं कठीण. ताबा आला तो छोट्या छोट्या होकारांतून. प्रत्येक होकार वेगळा पाहिला तर साधा वाटतो. एकावर एक रचले की काय होतं, ते पाहा.

1. नाव आणि कपडे. जुनं नाव गेलं की जुन्या ओळखी मागे पडतात. एकाच रंगाच्या कपड्यांमुळे आतला कोण आणि बाहेरचा कोण हे लगेच कळतं.

2. शब्द. रजनीशपुरममध्ये कामाला काम म्हणत नसत, पूजा म्हणत. आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला 12-12 तास काम चालायचं. कामाचे तास जास्त आहेत अशी तक्रार करता येते. पूजेची तक्रार कशी करणार?

3. गुपितं. थेरपीच्या खोलीत माणूस स्वतःची सगळ्यात नाजूक बाजू उघडी करतो. ज्यांच्यासमोर ती उघडी केली, त्यांच्यापासून दूर जाणं मग अवघड होतं.

4. पैसा आणि परतीची वाट. अनेकांनी बचत, घर, वारसा कम्यूनला दिला. नोकऱ्या सोडल्या. परत जायचं म्हटलं तर बाहेर काहीच उरलेलं नव्हतं.

5. शंका म्हणजे दोष. एखादा निर्णय पटला नाही, तर निर्णय तपासायचा नाही. शंका घेणाऱ्याचा अहंकार अजून गेलेला नाही, असा अर्थ लावायचा. हा टप्पा आला की संस्था कधीच चुकू शकत नाही. चुकतो तो सभासद.

6. भीती. 1983 मध्ये पोर्टलंडमधल्या त्यांच्या हॉटेलात एका बाहेरच्या माणसाने स्फोट घडवला. आसपासच्या लोकांचा द्वेषही खरा होता. त्यानंतर शस्त्रं वाढली, टेहळणी वाढली. 1984 मध्ये एड्सने जगातली दोन तृतीयांश माणसं मरतील असं भाकीत रजनीशांनी केलं. बाहेरचं जग मरणार आणि आपण वाचणार, ही भावना पक्की झाली.

7. मौन. गुरू बोलत नाहीत. त्यांचा निरोप एकच व्यक्ती आणणार, ती म्हणजे शीला. निरोप खरा की बनावट, हे विचारायची सोय नाही. शीला यांच्या निर्णयाला विरोध म्हणजे थेट गुरूंना विरोध.

जबलपूरच्या वर्गात शिक्षकाला प्रश्न विचारून हैराण करणाऱ्या माणसाच्या नगरीत अशी व्यवस्था उभी राहिली, जिथे प्रश्न विचारायला जागाच उरली नाही.

अँटेलोप गावात काय झालं?

रँचपासून सर्वांत जवळचं गाव अँटेलोप. वस्ती जेमतेम 40-50, बहुतेक निवृत्त लोक. आपल्याकडे भीमाशंकरच्या पट्ट्यातली एखादी छोटी वाडी असते, तेवढं. आता कल्पना करा. अशा वाडीत कुणीतरी घरं विकत घेतो, मतदार यादीत आपली माणसं भरतो आणि पुढच्या निवडणुकीत अख्खी ग्रामपंचायत ताब्यात घेतो. सगळं कायद्याच्या चौकटीत.

अँटेलोपमध्ये हेच झालं. शिष्य तिथे राहायला आले, संख्येच्या जोरावर कौन्सिल जिंकली. गावाच्या कारभारावर त्यांचं नियंत्रण आलं. सप्टेंबर 1984 मध्ये मतदान घेऊन गावाचं नावच बदललं आणि रजनीश असं ठेवलं. पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आपल्याच गावात परकं झाल्यासारखं वाटू लागलं.

दुसरीकडे ओरेगॉनच्या अ‍ॅटर्नी जनरलनी 1983 मध्ये रजनीशपुरम शहराच्या वैधतेलाच आव्हान दिलं होतं. धर्मसंस्था आणि सरकार एकच असणं अमेरिकेच्या राज्यघटनेत बसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. शहर टिकवायचं तर जिल्ह्याची सत्ता हवी, असं शीला यांच्या गटाला वाटू लागलं. इथून गोष्ट गुन्ह्यांकडे वळली.

बिअरमध्ये औषध, सॅलडमध्ये जंतू

नोव्हेंबर 1984 मध्ये वास्को काउंटीची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या घटकाची, निवडणूक होती. त्याआधी कम्यूनने एक मोहीम काढली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतून हजारो बेघर लोकांना बसने रजनीशपुरमला आणलं. जेवण, कपडे, निवारा देऊ असं सांगितलं. बदल्यात अपेक्षा होती मताची.

यातल्या अनेकांना मानसिक आजार होते. त्यांना आवरणं जमेना. तेव्हा त्यांच्या बिअरमध्ये हॅलोपेरिडॉल मिसळलं गेलं. हे गंभीर मानसिक आजारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं औषध. माणूस सुस्त होतो, प्रतिकार मंदावतो. शिष्यांच्या बाबतीत शब्दांनी आणि श्रद्धेने जे झालं, ते इथे थेट औषधाने केलं गेलं.

त्याच काळात विरोधी मतदारांना आजारी पाडून घरी बसवायचा कट शिजला. सप्टेंबर आणि ऑक्टोबर 1984 मध्ये द डॅलेस या शहरातल्या 10 हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले गेले. 751 जण आजारी पडले, 45 जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. सुरुवातीला आरोग्य यंत्रणेला हा हॉटेल कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छतेचा परिणाम वाटला. खरं कारण उघड व्हायला वर्ष गेलं.

निवडणुकीचा डावही फसला. राज्याच्या निवडणूक यंत्रणेने काउंटीतल्या प्रत्येक नव्या मतदाराची पडताळणी सक्तीची केली. मताचा उपयोग संपल्यावर अनेक बेघरांना आसपासच्या गावांत नेऊन सोडण्यात आलं.

शेवट कसा झाला?

1985 पर्यंत कम्यूनच्या आतही संशय मुरला होता. जुलैमध्ये रजनीशांच्या खासगी डॉक्टरला विषारी इंजेक्शन टोचून मारायचा प्रयत्न झाला. एका सरकारी वकिलाच्या हत्येचा कटही शिजत होता. सप्टेंबरच्या मध्यात शीला आणि त्यांचे जवळचे सहकारी अचानक युरोपला निघून गेले.

16 सप्टेंबर 1985 रोजी रजनीशांनी पत्रकार परिषद घेतली. शीला आणि त्यांच्या गटाने विषप्रयोग, चोरून संभाषण ऐकणं आणि हत्येचे प्रयत्न केल्याचे आरोप त्यांनीच केले आणि सरकारी तपासाची मागणी केली. तपास यंत्रणा आत गेल्या. जंतू वाढवायची प्रयोगशाळा सापडली. फोन ऐकण्याची मोठी यंत्रणा सापडली. खुद्द रजनीशांच्या खोलीतही छुपा मायक्रोफोन होता. ज्याच्या नावाने शहर वसलं, तोही त्या शहराच्या कानांपासून सुटला नव्हता.

शिष्यांनी रजनीशांच्या नावाने काढलेल्या धर्मग्रंथाच्या सुमारे 5,000 प्रती जाळल्या. पण पुढे सरकारने इमिग्रेशनचा गुन्हा दाखल केला. अमेरिकेत राहता यावं म्हणून शिष्यांची खोटी लग्नं लावल्याचा आरोप होता. 28 ऑक्टोबर 1985 रोजी रजनीशांना नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट विमानतळावर अटक झाली.

14 नोव्हेंबरला न्यायालयात तडजोड झाली. दोन आरोपांवर त्यांनी अल्फर्ड प्ली केली, म्हणजे गुन्हा कबूल न करता दोषी ठरण्यास संमती दिली. 10 वर्षांची स्थगित शिक्षा, सुमारे चार लाख डॉलरचा दंड आणि खर्च, शिवाय देश सोडायची अट. शीला यांना जर्मनीतून अमेरिकेत आणलं गेलं. 1986 मध्ये विषप्रयोग, हत्येचा प्रयत्न आणि चोरून फोन ऐकणं अशा गुन्ह्यांत त्यांना शिक्षा झाली. 29 महिने तुरुंगात काढून त्या सुटल्या.

रजनीशांना किती माहीत होतं?

या प्रश्नावर आजही दोन तट आहेत. विषप्रयोगाच्या प्रकरणात रजनीशांवर खटला भरला गेला नाही. त्यांना शिक्षा झाली ती फक्त इमिग्रेशनच्या गुन्ह्यांत. सगळं शीला यांनी परस्पर केलं, असं शिष्य म्हणतात. आपण गुरूंच्या इच्छेनुसार चाललो, अशी शीला यांची भूमिका राहिली आहे.

मात्र एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य करावी लागते. शीला यांना ती जागा रजनीशांनीच दिली होती. मौनाचा निर्णय त्यांचा होता. कुणी तपासू शकणार नाही अशी सत्ता एका माणसाच्या हाती गेली, तेव्हा ती काढून घ्यायची ताकद फक्त त्यांच्याकडे होती. ती त्यांनी चार वर्षं वापरली नाही.

पुन्हा पुणे आणि ओशो

1986 मध्ये रजनीश देशोदेशी फिरले. 21 देशांनी त्यांना प्रवेश नाकारला किंवा बाहेर काढलं. जुलैअखेर ते मुंबईत आणि जानेवारी 1987 मध्ये पुन्हा कोरेगाव पार्कात आले. अमेरिकेच्या तुरुंगात आपल्यावर विषप्रयोग झाला, असं त्यांनी सांगितलं. ते सिद्ध झालं नाही. भगवान ही उपाधी त्यांनी सोडली आणि 1989 मध्ये ओशो हे नाव घेतलं. 19 जानेवारी 1990 रोजी वयाच्या 58 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. समाधी पुण्याच्या आश्रमातच आहे. त्यांची पुस्तकं आजही अनेक भाषांत खपतात. 2018 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या वाइल्ड वाइल्ड कंट्री या मालिकेमुळे नव्या पिढीला ही गोष्ट कळली.

याला ब्रेनवॉशिंग म्हणायचं का?

अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी 1961 च्या पुस्तकात चीनमधल्या विचार बदलण्याच्या पद्धतींचा अभ्यास मांडला. बाहेरच्या माहितीवर नियंत्रण, कबुलीजबाब, ठरावीक शब्द, माणसापेक्षा सिद्धांत मोठा मानणं ही त्यांनी सांगितलेली काही लक्षणं. यातली बरीच रजनीशपुरमला लागू पडतात.

धर्माचे अनेक समाजशास्त्रज्ञ मात्र ब्रेनवॉशिंग हा शब्द वापरत नाहीत. लोक स्वेच्छेने आले, अनेक जण स्वेच्छेने निघूनही गेले, असं ते दाखवून देतात. तिथली वर्षं आयुष्यातली सर्वांत चांगली होती, असं सांगणारे माजी रहिवासीही आहेत. आणि तिथे लहानपणी अत्याचार झाले, असं मोठेपणी जाहीरपणे सांगणारेही आहेत. दोन्ही एकाच आवारातले.

आपल्याला यातून काय घ्यायचं?

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून फसवणूक, अंगात आल्याचं सांगून भीती घालणं, अघोरी उपचार असे प्रकार त्यात येतात आणि पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. पण रजनीशपुरममध्ये सुरुवातीला जे घडलं, ते या कायद्यात बसलं नसतं. स्वतःहून नाव बदलणं, पैसे देणं, शंका गिळणं हा गुन्हा नाही.

म्हणून तपासायचं आपणच. मंडळ आध्यात्मिक असो, झटपट श्रीमंत करणारी साखळी योजना असो की एखाद्या नेत्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, चार प्रश्न उपयोगी पडतात :

• इथे प्रमुखाची चूक त्याच्या तोंडावर सांगता येते का? सांगितल्यावर काय होतं?
• प्रमुखाचा शब्द थेट कळतो की कुणा एकाच्या तोंडून?
• पैसा कुठे जातो, याचा हिशेब सभासदाला पाहायला मिळतो का?
• सोडून गेलेल्यांबद्दल आत काय बोललं जातं? ते बोलतात त्यात काही तथ्य असेल, असं कुणी म्हणतं का?

रजनीशपुरमची जमीन आता एका ख्रिस्ती संस्थेच्या युवक शिबिरांसाठी वापरली जाते. शहर म्हणून काही उरलेलं नाही. अँटेलोपच्या मतदारांनी नोव्हेंबर 1985 मध्ये गावाला जुनं नाव परत दिलं. त्या गावच्या पोस्टाबाहेर ध्वजस्तंभापाशी एक छोटा फलक आहे. रजनीशांच्या अनुयायांनी गाव घेतलं तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांची आठवण म्हणून तो लावला आहे. ती माणसं संख्येने पन्नासही नव्हती.